मागच्या वळणावर घोडा का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘१९३०च्या दशकातला, जेमतेम तासाभराचा एक हॉलिवूडपट पाहिला. गरीब घरातला पोरगा जॉकी होतो, लंगडणारं शिंगरू वाढवतो, सट्टेबाज खलनायक आडवा येतो आणि शेवटी मोठी शर्यत. त्या शर्यतीत नायकाच्या घोड्याच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे. मागच्या वळणावर तो गायब होतो, अखेरच्या टप्प्यात परत येतो. गर्दीसुद्धा एका क्षणी हजारोंची, दुसऱ्या क्षणी वीस माणसांची. एवढा हलगर्जीपणा त्या काळी कसा खपला? आणि असे सिनेमे आज पाहण्यात काही अर्थ आहे का?’

पांढरा पट्टा तुम्ही बरोबर टिपलात, पण त्याला हलगर्जीपणा म्हणू नका. मागच्या वळणावरचा तो घोडा तुमच्या नायकाचा नाहीच. तो बहुधा दुसऱ्याच वर्षी, दुसऱ्याच मैदानावर, दुसऱ्याच कोणासाठी पळत होता. त्या कंपनीने पूर्ण शर्यत चित्रित केलेलीच नसणार. ती संकलकाच्या टेबलावर जोडली गेली. मी सदतीस वर्षं संकलन केलं, त्यातली पहिली वीस वर्षं हातात खरी फिल्म धरून, कात्रीने आणि फिल्म चिकटवायच्या ‘सिमेंट’ने. त्यामुळे असे सिनेमे पाहताना मला आधी सांधे दिसतात, गोष्ट नंतर. आणि खरं सांगतो, त्या सांध्यांबद्दल मला फार आदर आहे.

आधी पैशाचं गणित, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेव्हार्ड आणि गॉवर स्ट्रीटच्या आसपास लहान कंपन्यांची दाटी होती. त्या भागाला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत, म्हणजे दारिद्र्याची आळी. कोलंबिया कंपनीची सुरुवातही तिथलीच. १९२९ नंतर मंदी आली, थिएटरं ओस पडू लागली आणि मालकांनी एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या कंपनीचा, नामवंत नटांचा. त्याच्या गल्ल्यात निर्मात्याचा टक्का असे. दुसरा मात्र ठरलेल्या भाड्यावर घेतला जाई. मोनोग्रामसारख्या कंपन्या या दुसऱ्या जागेवर जगत होत्या. त्यात मेख अशी की सिनेमा कितीही चांगला झाला तरी भाडं तेवढंच. मिळकत आधीच ठरलेली, म्हणून खर्चही आधीच ठरलेला: साधारण दहा ते तीस हजार डॉलर, आठ-दहा दिवसांचं चित्रीकरण, संपला विषय. मोठ्या कंपन्या त्याच काळात एका सिनेमावर काही लाख डॉलर घालत होत्या.

आता फिल्मचं गणित. ३५ मिलिमीटरची फिल्म बोलपटाच्या वेगाने, सेकंदाला २४ चौकटी, चालवली की मिनिटाला ९० फूट जाते. तासाभराचा सिनेमा म्हणजे ५,४०० फूट, सहा रिळं. केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली घोड्यांची शर्यत, दहा फर्लांगांची, म्हणजे साधारण दोन किलोमीटरची. उत्तम घोडा ती दोन मिनिटं आणि वर काही सेकंदांत पुरी करतो. म्हणजे ज्या घटनेसाठी प्रेक्षक तासभर बसला ती खरी दाखवली तर १८० फुटांत आटोपते. एवढ्यात कोणाचं समाधान होणार? तिला तीन-चार मिनिटांपर्यंत ताणावी लागते. आणि ताणायची तर घोड्यांखेरीज काहीतरी हवं. ते काय, हे पुढे सांगतो.

मैदान मिळवणं हाही एक पेच होता आणि त्याचं कारण कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात १९०९ साली शर्यतींवरच्या सट्ट्याला बंदी आली आणि तिथला शर्यतींचा धंदा बसला. १९३३ मध्ये कायदा बदलला. लॉस एंजेलिसजवळचं सांता अनिता मैदान उघडलं ते २५ डिसेंबर १९३४ रोजी, आणि त्याच्या उभारणीत विनोदी चित्रपटांचा निर्माता हॅल रोच पुढे होता. म्हणजे त्याआधीची जवळजवळ पंचवीस वर्षं, जिथे शर्यतींचे इतके सिनेमे निघत होते त्या शहराच्या दारात सट्ट्यासह चालणारं एकही मोठं मैदान नव्हतं. सीमेपलीकडे मेक्सिकोत, तिहुआनाला, १९२९च्या अखेरीस आग्वा कालिएंते सुरू झालं होतं. पण तिकडे माणसं, कॅमेरे न्यायचे म्हणजे प्रवास आणि मुक्काम आला. आठवड्याभरात सिनेमा संपवणाऱ्याला तो कुठून परवडणार? शिवाय शर्यतीचे जातिवंत घोडे मिळणार कसे? कुठलाही मालक लाखमोलाचा घोडा चित्रीकरणासाठी दहा वेळा पळवू देणार नाही. सिनेमाला घोडे भाड्याने देणारे तबेले होते, तिथून पाच-सहा जनावरं येत. हीच जनावरं आदल्या आठवड्यात एखाद्या काउबॉयपटात धावलेली असत.

मग संकलकापुढे काय येई? एक, तयार तुकडे. फिल्म साठवणाऱ्या ग्रंथालयांतून फुटाच्या हिशेबाने विकत घेतलेली दृश्यं, बातमीपटांतली डर्बीची गर्दी, डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्स मैदानाचे जुळे मनोरे, दूरवरून दिसणारा घोड्यांचा घोळका. हजारोंची गर्दी तुम्हाला दिसली ती ही, आणि ती खरीच होती. दुसरं, भाड्याच्या घोड्यांना कुंपणाच्या आतून मोटारीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली मधली दृश्यं. तिसरं, जॉकीचा चेहरा. तो बहुतेक वेळा घोड्यावर नसेच. लाकडी पिंपावर किंवा हलत्या सांगाड्यावर खोगीर बांधायचं, नटाला त्यावर बसवायचं, कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा म्हणजे मागे फक्त आकाश येतं. आकाश फुकट असतं आणि ते कुठल्याही मैदानाशी जुळतं. चौथं, टापा. टापांना ओळख नसते, त्या कुठल्याही घोड्याच्या चालतात. पाचवं म्हणजे कुंपणाला टेकलेली ती वीस माणसं.

या वीस माणसांकडे मी उमेदवारीच्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. एका कमी खर्चाच्या मराठी चित्रपटात बैलगाड्यांची शर्यत होती. निर्मात्याने दोन जोड्या आणि एक दिवस दिला होता. दुपारनंतर एक बैल बसला तो उठेना. हाती आलेल्या फिल्ममध्ये पूर्ण शर्यत तर सोडाच, दोन गाड्या एका चौकटीत असलेली दृश्यंही मोजकीच होती. माझ्या वरिष्ठांनी काठावर बसलेल्या गावकऱ्यांचे सगळे चेहरे काढायला सांगितले. एक म्हातारा होता, तोंडात पान, डोळे बारीक केलेले, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होती. ते दृश्य त्यांनी तीन तुकडे करून तीन ठिकाणी वापरलं. प्रत्येक वेळी त्याची मान वळली की गाडी पुढे सरकल्यासारखी वाटायची, आणि त्या वेळी पडद्यावर गाडी नव्हतीच. पॉव्हर्टी रोवरच्या संकलकांनी हेच केलं, साठ वर्षं आधी आणि आमच्याहून कितीतरी वेगाने. तीन मिनिटांच्या शर्यतीत घोडे मोजून सव्वा-दीड मिनिट असतात. उरलेलं सगळं नायिकेच्या मुठीत चुरगळलेलं कार्यक्रमपत्रक, खलनायकाच्या तोंडातली सिगार आणि म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या हातातलं घड्याळ.

आता तुमच्या पांढऱ्या पट्ट्याकडे येतो. चांगली कंपनी असेल तर आधी तयार तुकडे निवडले जात आणि मग त्यांतल्या पुढच्या जॉकीसारखा सदरा नायकासाठी शिवला जाई. त्या घोड्यासारखा पट्टा भाड्याच्या घोड्याच्या कपाळावर रंगाने काढणं अवघड नव्हतं. पण एका शर्यतीला दोन-तीन ठिकाणचे तुकडे लागले की सगळ्यांशी एकदम जुळवणं अशक्य. मग संकलक निर्णय घेतो: जिथे घोडे लहान दिसतात, धूळ आहे, नजर ठरत नाही, तिथे चुकीचा घोडा घालायचा. मागचं वळण हीच ती जागा. प्रेक्षकाची नजर तिथे घोड्याला नाही, घोळक्याला पाहत असते. तुम्ही घरी बसून थांबवून, मागे नेऊन पाहिलंत. तेव्हाचा प्रेक्षक एकदाच पाहत होता.

कधीकधी घोडा तोच असूनही बदललेला वाटतो, आणि त्याचं कारण फिल्मच्या रसायनात आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती आणि निळ्याला फार हळवी. तांबडा घोडा तिच्यावर काळपट दिसतो, निळं आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं पडतं. नंतर सगळे रंग वाचणारी फिल्म आली, तिच्यावर तोच तांबडा घोडा मध्यम करडा दिसतो आणि आकाशात ढग दिसतात. म्हणून ढग असलेल्या दृश्यानंतर एकदम कोरं आकाश आलं तर समजावं की तुकडा बहुधा मूकपटांच्या काळातला आहे. दुसरी खूण वेगाची. मूकपट पुष्कळदा सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींनी टिपले जात. ते बोलपटाच्या वेगाने चालवले की घोड्यांचे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे चालतात. तिसरी खूण चौकटीच्या डाव्या कडेला. आवाज फिल्मवर आला तेव्हा त्याने डावीकडची एक अरुंद पट्टी घेतली. जुना तुकडा तसाच घातला की त्याची डावी बाजू कापली जाते आणि डावीकडच्या घोड्याचं तोंड किंवा शेपूट अर्धवट राहतं.

दिशेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. अमेरिकेत घोडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट पळतात, म्हणजे प्रेक्षकांच्या सज्जातून पाहिलं तर अखेरच्या सरळ टप्प्यात डावीकडून उजवीकडे. आपल्या महालक्ष्मीला बरोबर याच्या उलट. इंग्लंडमध्ये मैदानागणिक वेगळं आणि खाली हिरवळ. अमेरिकेत मोठ्या शर्यती मातीवर. त्यामुळे कुठून तरी उलट दिशेचा तुकडा आला की संकलक फिल्म उलटी करून छापून घेई. दिशा जुळते, पण घोड्याच्या पाठीवरच्या कापडावरचा आकडाही उलटतो. असा आरशातला ४ किंवा ७ सापडला की मला त्या अनोळखी माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं. त्याला तो दिसला असणारच. पण सकाळपर्यंत रीळ द्यायचं होतं.

हे सगळं ज्याने सांधलं तो मात्र आवाज. १९२५ पासून केंटकी डर्बी रेडिओवर ऐकू येत होती आणि क्लेम मॅकार्थीसारख्या निवेदकांच्या खरखरीत, घाईच्या बोलण्याची लोकांच्या कानांना सवय झाली होती. चित्र न पाहता शर्यत ‘पाहायला’ रेडिओने त्यांना शिकवलंच होतं. निर्मात्यांनी ती शिकवण उचलली. पडद्यावर कुठलाही घोळका असो, निवेदक सांगतो की आपला घोडा सहाव्यावरून चौथ्यावर आला, आतल्या कुंपणाशी त्याला वाट मिळाली, आणि आपले डोळे मुकाट्याने ते मान्य करतात. एकदा आवाज पूर्ण बंद करून ती शर्यत पाहा. घोळक्यात कोण पुढे, कोण मागे, काही कळणार नाही. मग चित्राकडे पाठ करून नुसतं ऐका. पूर्ण शर्यत ऐकू येईल.

माणसांबद्दल थोडं. जॉकीच्या भूमिकेला नट मिळणं कठीण, कारण अंगाने लहान, वजनाने हलका, तरी चेहऱ्यावर समज असलेला माणूस लागतो. म्हणून फ्रँकी डॅरो पुन्हा पुन्हा दिसतो. जन्म १९१७, शिकागो. आईवडील सर्कशीतले, त्यामुळे तोल आणि धाडस अंगातच. ‘रेसिंग ब्लड’ नावाचा १९३६चा लहान कंपनीचा शर्यतपट तो नायक म्हणून पेलतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या शर्यतपटांत मात्र त्याला दुय्यम जॉकीचं काम मिळतं. त्याच्या खांद्यांकडे पाहा. पिंपावर बसवलेला दुसरा नट वरखाली हलतो. डॅरो पुढे झुकून स्थिर राहतो आणि त्याच्या कोपरांतून दौड कळते. माझ्या मते त्या आळीतल्या शर्यतपटांना मिळालेला तो सगळ्यात मोठा ऐवज होता.

तुकडे पुन्हा वापरणं ही काही गरिबांचीच रीत नव्हती. दिग्दर्शक फ्रँक काप्राने १९३४ मध्ये कोलंबियासाठी ‘ब्रॉडवे बिल’ केला. १९५० मध्ये पॅरामाउंटसाठी त्याने तीच गोष्ट ‘रायडिंग हाय’ म्हणून गायक-नट बिंग क्रॉस्बीला घेऊन पुन्हा केली आणि पहिल्या सिनेमातली दृश्यं त्यात घातली. ती जुळावीत म्हणून क्लॅरेन्स म्यूज, वॉर्ड बाँड, डॅरो अशा जुन्या नटांना सोळा वर्षांनी परत बोलावलं. घोडा जुळतो, माणसं मात्र मधल्या एका सांध्यावर सोळा वर्षांनी म्हातारी होतात.

तुकड्यांचं वय ओळखायच्या आणखी दोन खुणा सांगतो, कारण एकदा कळल्या की विसरत नाहीत. शर्यत सुरू होताना घोड्यांपुढे आडवी ताणलेली पट्टी वर उडत असेल तर दृश्य बहुधा १९३०च्या आधीचं. डर्बीला खणाखणांचं फाटक आलं ते १९३०च्या सुमारास. आणि निकालासाठी छायाचित्राचा आधार घेतला गेला तर सिनेमा बहुधा १९३७च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा धरावा. त्या वर्षी बिंग क्रॉस्बी आणि मंडळींनी सुरू केलेल्या डेल मार मैदानावर लोरेंझो डेल रिचिओ याने निकालाचा कॅमेरा बसवला. हा डेल रिचिओ आधी पॅरामाउंटमध्ये भिंगांचं काम करणारा अभियंता होता. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातच लेलंड स्टॅनफर्ड या धनिकाच्या धावत्या घोडीचे पाय टिपायला छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडले, तिथून चलच्चित्रांची वाट निघाली. साठएक वर्षांनी सिनेमावाल्यांनी शर्यतीला कॅमेरा दिला.

मात्र या सिनेमांतल्या दोन गोष्टींना मी पैशाच्या तंगीचं निमित्त देणार नाही.

पहिली घोड्यांची. पडणारा घोडा दिसला तर तो कसा पडला हे विचारा. त्या काळी घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधून भर दौडीत ओढून पाडायची पद्धत होती. १९३६च्या एका बड्या युद्धपटात ती इतकी वापरली गेली की लोक खवळले. १९३९च्या ‘जेसी जेम्स’ या सिनेमासाठी कड्यावरून पाण्यात उतरवलेला घोडा मेला आणि त्यानंतर, १९४० मध्ये, अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनने हॉलिवूडमध्ये देखरेखीचं कार्यालय उघडलं. शर्यतपटांत अशी पडझड युद्धपटांहून कमी असते, पण असते. मी त्या चौकटी कौतुकाने पाहू शकत नाही आणि विद्यार्थ्यांना दाखवताना तसं सांगतो.

दुसरी कृष्णवर्णीय माणसांची. या सिनेमांत ती फक्त मोतद्दार म्हणून येतात, तबेल्याच्या दारात, डोळे फिरवून हसवायला. खरा इतिहास काय होता? १८७५च्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते आणि जिंकला तो ऑलिव्हर लुईस, ॲरिस्टाइडीज या घोड्यावर. आयझॅक मर्फीने तीन डर्बी जिंकल्या: १८८४, १८९० आणि १८९१. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींच्या. नंतर त्यांना पद्धतशीरपणे खोगिरावरून खाली ओढलं गेलं आणि सिनेमा आला तेव्हा त्यांच्या हातात घमेलं आणि खरारा दिला गेला. विंकफील्ड तर ते सिनेमे निघत होते तेव्हा हयात होता. त्याच्या आयुष्यावर सहा रिळांचा सिनेमा निघाला असता तर लंगड्या शिंगराची गरजच पडली नसती.

पाहण्यात अर्थ आहे का, याचं उत्तर: आहे, पण प्रत बघून घ्या. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात २८ वर्षांनी हक्काचं नूतनीकरण करावं लागे. छोट्या कंपन्या तोवर बुडालेल्या, पुष्कळांचं कोणी केलंच नाही, म्हणून यातले बरेच सिनेमे आज सर्वांसाठी मोकळे आहेत आणि म्हणूनच त्यांच्या वाईट प्रतीही फार आहेत. दूरचित्रवाणी आली तेव्हा बड्या कंपन्यांनी आपले सिनेमे अडवून धरले आणि या आळीतले सिनेमे आधी तिथे पोचले. तिथे जाहिरातींना जागा करायला त्यांतून मिनिटांमागून मिनिटं छाटली गेली. छाटणारा सहसा शर्यतीला हात लावत नाही, तो त्याआधीची संथ दृश्यं काढतो: तबेल्यातली रात्र, पायाला बांधलेली पट्टी, बापलेकांचं न बोलणं. मग चेहरे ओळखीचे होण्याआधीच शर्यत येते आणि वीस माणसं नुसती वीस माणसं वाटतात. शक्य असेल तर मूळ लांबीची प्रत शोधा, सहा-सात मिनिटांचा फरक असला तरी.

आणि एक करा. तुमच्या त्या सिनेमात नायकाचा घोडा शेवटची रेषा ओलांडताना खरंच दिसतो का, ते पुन्हा पाहा. मी पाहिलेल्या अशा सिनेमांत बहुतेकदा क्रम असा असतो: टापा, जॉकीचा चेहरा, कोणाचाही असू शकेल असा दूरचा घोळका, निवेदकाचा चिरकणारा आवाज, आणि मग थेट नायिकेचा चेहरा, आधी अविश्वास, मग हसू. रेषा ओलांडणारा घोडा तिथे नसतोच.